जकार्तात हरलेले, जकार्तात जिंकलेले

फुटबॉलचे एकाच दिवशी झालेले दोन सामने आज मला तुमच्यापुढे शेजारीशेजारी मांडायचे आहेत. तारीख १४ ऑक्टोबर २०२५. पहिला सामना टोकियोतला, जपान विरुद्ध ब्राझील. मध्यंतराला ब्राझील दोन गोलांनी पुढे होता. उत्तरार्धात जपाननं तीन गोल केले आणि सामना ३-२ असा जिंकला. ब्राझीलला हरवण्याची जपानची ही पहिलीच वेळ. दुसरा सामना आपल्या घरचा, मडगावच्या फातोर्डा मैदानावरचा, भारत विरुद्ध सिंगापूर. लालियनझुआला छांगतेनं लवकर गोल करून आपल्याला आघाडी मिळवून दिली. मग मध्यंतराच्या तोंडावर एक आणि नंतर एक असे दोन गोल सिंगापूरच्या साँग उइ-याँगनं केले. आपण १-२ असे हरलो आणि २०२७च्या आशियाई चषकाचं दार बंद झालं. महिनाभरानं ढाक्यात बांगलादेशनं आपल्याला १-० हरवलं. बांगलादेशचा आपल्यावरचा हा बावीस वर्षांतला पहिला विजय. जुलै २०२३ मध्ये जागतिक क्रमवारीत आपण ९९वे होतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये १४२वे झालो.

त्या दिवसांत मला जो भेटायचा तो एकच प्रश्न विचारायचा. "तुम्ही इतकी वर्षं हा खेळ बघताय. आता आशा ठेवायची, की सोडून द्यायची?"

या प्रश्नाला आपल्याकडे दोन तयार उत्तरं आहेत. माझ्या पिढीचे लोक म्हणतात, अरे, आपण एकेकाळी आशियाचे विजेते होतो, पुन्हा होऊ. तरुण मुलं म्हणतात, आपल्याकडे क्रिकेटशिवाय काही होणार नाही, आम्ही आपले बार्सिलोना नाहीतर मँचेस्टर बघतो. २०२४ साली रहीम साहेबांवरचा 'मैदान' हा चित्रपट आला, तेव्हा दोन्ही पक्षांना आपापल्या म्हणण्याला पुरावा मिळाला. एकांना वैभव दिसलं, दुसऱ्यांना ते किती जुनं झालंय हे दिसलं. मला मात्र वाटतं, की इतिहासाला हा प्रश्न नीट विचारला तर तो या दोन्हींपेक्षा वेगळं काही सांगतो. म्हणून आज थोडं मागे जाऊ.

१५ जुलै १९५२. हेलसिंकी ऑलिंपिक. आपला संघ आदल्या वर्षी दिल्लीत पहिल्या आशियाई स्पर्धेचं सुवर्णपदक जिंकून आलेला. अंतिम सामन्यात मेवालालच्या गोलवर इराणला १-० हरवलेलं. आणि हेलसिंकीत पहिल्याच सामन्यात युगोस्लाव्हियानं आपल्याला १०-१ असं हरवलं. आपला एकमेव गोल अहमद खानचा. हवा गार, आणि आपले काही खेळाडू अनवाणी. त्या काळी अनवाणी खेळणं यात आपल्याला काही वावगं वाटत नसे, उलट अभिमानच होता. १९४८ साली लंडनला आपण फ्रान्सकडून जेमतेम १-२ असे हरलो होतो, तेही दोन पेनल्टी दवडून, आणि त्या अनवाणी खेळाचं इंग्रजांनी कौतुक केलं होतं. हेलसिंकीनं ते कौतुक उतरवून टाकलं.

आता एखाद्या चाहत्यानं १९५२च्या ऑगस्टात आशा धरायला हवी होती का? धावफलक पाहून तर मुळीच नाही. पण त्या पराभवानंतर काय झालं ते पाहा. भारतीय फुटबॉल महासंघानं बूट सक्तीचे केले. आणि संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी बूट घातलेल्या पायांनी काय खेळायचं हा प्रश्न हातात घेतला.

रहीम हे मूळचे शाळामास्तर. हैदराबादचे. त्यांची शिकवण्याची पद्धत ऐकली की आजही नवल वाटतं. ते पोरांच्या स्पर्धा भरवायचे आणि त्यांत नियम घालायचे. एका स्पर्धेत चेंडू पायाशी घोळवत पळायला बंदी. मिळाला की लगेच दुसऱ्याला द्यायचा. दुसऱ्या स्पर्धेत फक्त कमजोर पायानं चेंडू मारायचा. कमी उंचीच्या मुलांसाठी वेगळी स्पर्धा. म्हणजे प्रत्येक खोडीवर एक-एक स्पर्धा. अशा तालमीतून तयार झालेल्या मुलांचा हैदराबाद सिटी पोलीस हा संघ आमच्या मुंबईत यायचा आणि १९५० ते १९५४ अशी लागोपाठ पाच वर्षं रोव्हर्स चषक घेऊन जायचा. कूपरेजच्या जुन्या प्रेक्षकांकडून मी त्या संघाच्या आठवणी ऐकल्या आहेत. त्यांचं म्हणणं असं, की ते लोक पळताना दिसायचेच नाहीत, चेंडूच पळायचा.

हेलसिंकीनंतर चार वर्षांनी मेलबर्न. १ डिसेंबर १९५६. समोर यजमान ऑस्ट्रेलिया. आपण ४-२ जिंकलो आणि त्यांतले तीन गोल नेव्हिल डिसोझाचे. नेव्हिल मूळचा गोव्याचा, खेळाडू म्हणून घडला मुंबईत. टाटा आणि कॅलटेक्स या कंपन्यांच्या संघांतून तो कूपरेजवर खेळायचा. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. उपांत्य फेरीत पुन्हा युगोस्लाव्हिया, तोच चार वर्षांपूर्वी दहा गोल करणारा देश. उत्तरार्धात पहिला गोल कुणी केला? नेव्हिलनं. काही मिनिटं भारत युगोस्लाव्हियाच्या पुढे होता. नंतर त्यांनी चार केले, पुढे बल्गेरियानंही आपल्याला ३-० हरवलं आणि आपण चौथे आलो. चार गोल करून नेव्हिल स्पर्धेतल्या सर्वाधिक गोल करणाऱ्यांत बरोबरीनं पहिला आला. १९८० साली, वयाची पन्नाशीही गाठण्याआधी तो गेला. ज्या शहरात तो खेळला, त्या शहरातल्या किती क्रीडाप्रेमींना आज त्याचं नाव ठाऊक असेल? पॉली उम्रीगरचं ठाऊक असतं. असो.

इथे प्रामाणिकपणे एक सांगायला हवं. मेलबर्नला बरेच संघ आलेच नव्हते. आपला पहिला सामना हंगेरीशी ठरला होता. तिथे उठाव झाला, रशियन रणगाडे आले, आणि हंगेरीनं माघार घेतली. तेव्हा चौथा क्रमांक ही काही जगात चौथे असल्याची पावती नव्हती. पण १०-१ पासून १-४ पर्यंत, आणि तेही आधी आघाडी घेऊन, हा चार वर्षांतला प्रवास खरा होता. १९६० साली रोमला आपण फ्रान्सला १-१ असं बरोबरीत रोखलं आणि हंगेरीकडून फक्त १-२ हरलो, यावरून ते कळतं.

आपल्याला असा खरा इतिहास फारसा माहीत नसतो. माहीत असतो तो १९५० सालच्या विश्वचषकाचा. "अनवाणी खेळू दिलं नाही म्हणून आपण ब्राझीलला गेलो नाही" ही गोष्ट तुम्ही शंभर वेळा ऐकली असेल. इतर देशांनी माघार घेतल्यामुळे आपल्याला जागा मिळाली होती आणि आपण गेलो नाही, इथवर खरं आहे. पण मुख्य कारण हे, की तेव्हाच्या आपल्या पदाधिकाऱ्यांना विश्वचषकाचं महत्त्वच वाटत नव्हतं. त्यांच्या लेखी ऑलिंपिक मोठं. त्यातच संघनिवडीवरून मतभेद आणि सरावाला वेळ अपुरा. अनवाणीपणाची गोष्ट लोकांना आवडते, कारण तिच्यात दोष दुसऱ्याचा असतो. हरणाऱ्या संघाच्या चाहत्याला अशा गोष्टींचा फार मोह पडतो; पंच वाईट, नियम अन्यायाचे, नशीब फुटकं. जून २०२४ मध्ये दोह्याला कतारविरुद्ध चेंडू रेषेबाहेर गेलेला असताना पंचांनी गोल दिला, तो अन्याय खराच होता. पण त्याआधी मार्चमध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून आपण १-२ हरलो, त्यात पंचांचा काही हात नव्हता.

आता जकार्ता. १९६२ची आशियाई स्पर्धा. सुरुवात वाईट, दक्षिण कोरियाकडून ०-२. मग थायलंडला ४-१, आणि जपानला २-०. हो, त्याच जपानला. उपांत्य फेरीत दक्षिण व्हिएतनामला ३-२ आणि ४ सप्टेंबरला अंतिम सामन्यात पुन्हा दक्षिण कोरिया. इस्राएल आणि तैवान यांना स्पर्धेत येऊ दिलं नाही म्हणून आपल्या सोंधींनी तक्रार केली होती, त्यामुळे सगळं जकार्ता आपल्यावर खवळलेलं. मैदानात सुमारे लाखभर लोक आणि बहुतेक सगळे विरोधात. बचावपटू जर्नेलसिंगच्या डोक्याला आधीच्या सामन्यात टाके पडलेले. रहीम साहेबांनी त्याला बचावातून काढून थेट आघाडीला उभं केलं. पी. के. बॅनर्जीनं एक गोल केला, जर्नेलसिंगनं दुसरा, आणि आपण २-१ जिंकलो. चुनी गोस्वामी संघनायक. रहीम तेव्हा कर्करोगानं आजारी होते. जून १९६३ मध्ये ते गेले.

माझा प्रश्न असा आहे. त्या सप्टेंबरात जकार्ताहून घरी परतणाऱ्या संघांपैकी कुणाच्या चाहत्यांनी आशा धरायला हवी होती? सोनं घेऊन निघालेल्या भारतीयांनी, की आपल्याकडून दोन गोल खाऊन गेलेल्या जपान्यांनी?

जपानी लोकांनी १९६०च्या सुमाराला स्वतःपुढे एक अप्रिय गोष्ट मान्य केली होती. चार वर्षांनी टोकियोत ऑलिंपिक भरणार आणि आपल्याला फुटबॉल येत नाही. त्यांनी जर्मनीहून डेटमार क्रामर नावाचा प्रशिक्षक आणला. तो त्यांना चेंडू थांबवायला आणि सरळ द्यायला शिकवू लागला, म्हणजे अगदी श्रीगणेशापासून. १९६२ला ते आपल्याकडून हरले तेव्हा हे शिक्षण चालूच होतं. १९६४ला टोकियोत त्यांनी अर्जेंटिनाला ३-२ हरवलं. यजमान म्हणून अब्रू राहिली, ऑलिंपिक संपलं. आपल्याकडे असतं तर सत्कार होऊन विषय मिटला असता. क्रामरनं जाताना सांगितलं, की आता देशभराची साखळी स्पर्धा सुरू करा, प्रशिक्षक तयार करण्याची पद्धत बसवा, गवताची मैदानं राखा. पुढच्याच वर्षी, १९६५ साली, त्यांची लीग सुरू झाली. संघ आठ. कुणाचे? कंपन्यांचे. मित्सुबिशी, हिताची, फुरुकावा, यावाता पोलाद कारखाना. पहिली चार वर्षं जिंकला हिरोशिमाचा तोयो कोग्यो, म्हणजे ज्यांच्या मोटारींना आपण माझदा म्हणतो ते. १९६८ला मेक्सिकोत जपाननं ऑलिंपिक कांस्यपदक मिळवलं आणि त्यांचा कामामोतो सात गोल करून स्पर्धेत पहिला आला.

मला या हकिकतीत सगळ्यांत जास्त टोचतं ते हे, की कंपन्यांचे संघ आपल्याकडेही होते. टाटा, कॅलटेक्स, मफतलाल, नंतर ऑर्के मिल्स, महिंद्र, एअर इंडिया, आरसीएफ, रेल्वे. मुंबईत चांगला फुटबॉल खेळणाऱ्या पोराला कंपनीत चिकटवून घेत. दुपारी सरावाला सुट्टी मिळे आणि महिन्याला पगार. घरचे लोक त्या पगारावर खूश असत. म्हणजे माल दोघांकडे एकच होता. त्यांनी त्याची देशभराची लीग बांधली. आपण चषक खेळत राहिलो. रोव्हर्स, ड्युरँड, आयएफए शील्ड, संतोष करंडक. एका गावाहून दुसऱ्या गावाला जायचं, बाद फेरीचे चार-पाच सामने खेळायचे आणि परत. त्यातही आपले देशी सामने सत्तरच्या दशकापर्यंत ७० मिनिटांचे असत आणि आंतरराष्ट्रीय सामने ९० मिनिटांचे. शेवटच्या वीस मिनिटांत आपले पाय का गळतात, याचं कोडं वाटायला नको होतं. आपली पहिली राष्ट्रीय लीग सुरू झाली १९९६ साली. जपाननंतर एकतीस वर्षांनी.

घसरण मात्र लगेच दिसली नाही. १९६४च्या आशियाई चषकात आपण दुसरे आलो. १९७०ला बँकॉकमध्ये कांस्यपदक मिळालं, आणि गंमत म्हणजे ते जपानलाच १-० हरवून! तेव्हा कुणी म्हटलं असतं, की हे जपानी पुढे निघून चाललेत, तर आपण हसलो असतो. चारच वर्षांनी तेहरानला चीननं आपल्याला ७-१ हरवलं. हा दुसरा हेलसिंकी. पण या वेळी कुणी काही सक्तीचं केलं नाही, कुणी नवी स्पर्धा काढली नाही. त्याचं एक कारण मला वाटतं ते असं, की देशातली मैदानं भरलेली होती. रोव्हर्सच्या वेळी कूपरेजला जागा मिळायची नाही. मी स्वतः कितीदा बाहेर उभा राहून नुसत्या आरोळ्यांवरून स्कोअर ओळखला आहे. जुलै १९९७ मध्ये कोलकात्यात मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्याला सुमारे १ लाख ३० हजार लोक आले होते. भायचुंग भुतियानं तीन गोल केले. ज्याच्या दारात लाखाची गर्दी आहे त्याला आपलं दुकान बसत चाललंय हे कसं पटावं?

जपानलाही सगळं सरळ मिळालं नाही. १९६८नंतर त्यांना पुन्हा ऑलिंपिक गाठायला १९९६ उजाडलं. मधल्या काळात ती लीग रिकाम्या मैदानांवर चाले. १९९३ साली त्यांनी ती मोडून नवी व्यावसायिक लीग काढली. त्याच वर्षी दोह्यात इराकनं अगदी शेवटच्या क्षणी बरोबरीचा गोल केला आणि हातातोंडाशी आलेला विश्वचषक गेला. पहिला विश्वचषक त्यांना मिळाला १९९८ला. म्हणजे क्रामर आल्यानंतर अडतीस वर्षांनी. या अडतीस वर्षांत जपानी चाहत्याला धावफलकानं आशा दिली असे दिवस थोडेच. पण कुणी त्याला विचारलं असतं, की तुमच्याकडे दर रविवारी काय चालतं, तर त्याला सांगण्यासारखं काहीतरी होतं.

आपल्याकडे दर रविवारी काय चालतं?

इथे मी थोडा कडू बोलणार आहे. महिंद्रनं २००५-०६ला राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० साली संघच बंद केला. गोव्याच्या धेंपो क्लबनं राष्ट्रीय लीग आणि आय-लीग मिळून पाच वेळा देशाचं विजेतेपद मिळवलं. त्या धेंपोनं, साळगावकरनं आणि स्पोर्टिंग क्लब द गोवानं २०१६ साली राष्ट्रीय स्पर्धेतून अंग काढून घेतलं, कारण वरची जागा इंडियन सुपर लीगच्या नव्या संघांना राखून ठेवली जाणार अशी चिन्हं होती. सुपर लीग २०१४ला आली. तिनं झगमगाट आणला, चांगली मैदानं आणली, खेळाडूंना बरे पैसे दिले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण पुढच्या जागेवर बहुतेक क्लबांनी परदेशी आघाडीवीर खेळवले. परिणाम राष्ट्रीय संघात दिसला. जानेवारी २०२४च्या आशियाई चषकात आपण तीन सामने हरलो आणि एकही गोल केला नाही. सुनील छेत्री जून २०२४ मध्ये ९४ आंतरराष्ट्रीय गोल करून निवृत्त झाला, आणि मार्च २०२५ मध्ये, वयाच्या चाळिशीत, त्याला परत बोलवावं लागलं. मालदीवविरुद्ध त्यानं पुन्हा गोलही केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या टाळ्यांची भीती वाटली. त्याच वर्षी सुपर लीगचा हंगाम वेळेवर सुरूच झाला नाही. करार संपत आला होता. नव्या हक्कांसाठी निविदा काढली तर एकही बोली आली नाही.

याच छेत्रीनं २०१८च्या जूनमध्ये मुंबईत एक आवाहन केलं होतं, तुम्हाला आठवत असेल. अंधेरीच्या मैदानावर चिनी तैपेईविरुद्धच्या सामन्याला २,५६९ लोक आले. आपण ५-० जिंकलो ते जवळजवळ रिकाम्या खुर्च्यांसमोर. छेत्रीनं फोनवर चित्रफीत करून सांगितलं, की आम्हाला शिव्या द्यायच्या असतील तरी द्या, पण मैदानावर या. तीन दिवसांनी केनियाविरुद्ध, छेत्रीच्या शंभराव्या सामन्याला, मैदान भरलं. धो धो पाऊस होता. मीही भिजत उभा होतो. आपण ३-० जिंकलो, त्यांतले दोन छेत्रीचे. फार छान रात्र होती ती. पण १९९७च्या कोलकात्यानं मला एवढं शिकवलंय, की गर्दी म्हणजे प्रेम. आशेचा पुरावा दुसरीकडे शोधावा लागतो.

तो कुठे सापडतो, याचं देशातलंच एक उदाहरण सांगतो. मिझोराम. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या अकरा लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या एखाद्या मोठ्या तालुक्या-दोन तालुक्यांएवढी. २०१२ साली तिथल्या लोकांनी मिझोराम प्रीमियर लीग काढली. पैसे आणि प्रक्षेपण कुणाचं? तिथल्या केबल टीव्हीवाल्याचं. गावातल्या पोरांचे सामने गावातले लोक घरबसल्या बघू लागले, आणि पोरांना वर्षातून महिनोन्‌महिने सामने मिळू लागले. २०१४ला मिझोरामनं संतोष करंडक जिंकला. त्यांचा ऐझॉल एफसी आय-लीगमध्ये चढला आणि २०१६ला खाली घसरला. त्याच वेळी गोव्याचे संघ बाहेर पडले, जागा रिकामी झाली म्हणून ऐझॉलला परत घेतलं. तोपर्यंत मुंबईत मुंबई एफसीला वर्षानुवर्षं तगवून धरणारे खालिद जमील तिथे प्रशिक्षक झाले. आणि ३० एप्रिल २०१७ला शिलाँगमध्ये १-१ बरोबरी करून हा घसरलेला संघ देशाचा विजेता झाला! मोहन बागान आणि ईस्ट बंगालला मागे टाकून. बक्षीस म्हणून त्यांना सुपर लीगचं दार उघडलं का? नाही. खालून वर चढण्याची वाट त्या लीगमध्ये २०२३ साली सुरू झाली. पण फातोर्ड्याला सिंगापूरविरुद्ध आपला एकुलता एक गोल करणारा छांगते मिझोरामचा आहे, आणि त्या दिवशी आपल्या बाकावर प्रशिक्षक म्हणून खालिद जमील बसलेले होते, हा योगायोग नाही असं मी मानतो.

दुसरं उदाहरण मुलींचं. जानेवारी २०२२ मध्ये महिलांचा आशियाई चषक आपल्याच नवी मुंबईत होता. संघात करोना पसरला, मैदानात उतरवायला पुरेशा खेळाडू उरल्या नाहीत, आणि यजमान असून आपल्याला स्पर्धेबाहेर जावं लागलं. त्या मुलींच्या जागी मी असतो तर बूट खुंटीला टांगले असते. पण २०१७ला सुरू झालेली त्यांची लीग चालू राहिली, आणि २०२३-२४ पासून ती घरच्या आणि बाहेरच्या मैदानांवर आलटून पालटून, खऱ्या साखळी पद्धतीनं होऊ लागली. ५ जुलै २०२५ला थायलंडमध्ये चिआंग माईला, दोनदा विश्वचषक खेळलेल्या थायलंडला आपण २-१ हरवलं. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. पात्रता फेरी जिंकून आशियाई चषक गाठायची भारतीय महिलांची ही पहिलीच वेळ. त्या दिवशी तुमच्यापैकी किती जणांनी हा सामना पाहिला? पुरुषांच्या संघाच्या पराभवावर रात्रभर बोलणाऱ्या माझ्या मित्रांपैकी एकानंही पाहिला नव्हता.

तेव्हा मला कुणी विचारलं, की आशा ठेवायची का, तर मी पुढच्या सामन्याचा निकाल सांगायला जात नाही. मी उलट विचारतो, तुमच्या गावातल्या चौदा वर्षांच्या पोराला वर्षात सामने किती मिळतात? कोल्हापूरला विचारा. तिथे पाटाकडील आणि खंडोबा तालीम यांच्या सामन्याला शाहू स्टेडियम गच्च भरतं, पेठापेठांत भांडणं होतात, आणि त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. त्या संघातले जीक्सन सिंग, सुरेश वांगजाम, अन्वर अली पुढे भारताच्या मोठ्या संघात आले. का? तर त्या विश्वचषकासाठी का होईना, त्या पोरांना दोन-तीन वर्षं सतत सामने दिले गेले. राष्ट्रीय पातळीवर तेरा, पंधरा वर्षांखालच्या मुलांच्या साखळी स्पर्धाही गेल्या दहा-बारा वर्षांत सुरू झाल्या आहेत. त्या बंद पडल्या तर वर्तमानपत्रात चार ओळीही येणार नाहीत. माझी काळजी तिथे आहे.

आमच्या इमारतीत एक आठवीतला मुलगा आहे. पाठीवर मेस्सीचा दहा नंबर, शाळेच्या संघात उजव्या बाजूला खेळतो. ढाक्याच्या सामन्यानंतर जिन्यात भेटला. "आजोबा, आपण वर्ल्ड कपला कधी जाणार?" मी म्हटलं, "ते राहू दे. या वर्षी तुझ्या शाळेचे सामने किती झाले?"

"दोन."

"दोनच?"

"बाद पद्धत असते ना. पहिला जिंकलो, दुसरा हरलो. संपलं."

"कधी झाले?"

"पावसाळ्यात. एकाच आठवड्यात." मग थोडा विचार करून तो म्हणाला, "पण क्लासच्या मागच्या पटांगणात सरांनी शनिवारची लीग काढलीय. सहा टीम आहेत. त्यात आठ झाल्यात माझ्या, अजून दोन बाकी आहेत. तुम्ही या बघायला, पण बसायला जागा नाहीये तिकडे."